ख्मेर व्याकरणाच्या नोंदी: फ्नोम पेन्ह, जानेवारी ते नोव्हेंबर २०२४

कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. मी मूळची इचलकरंजीची, इथे कंबोडियात, फ्नोम पेन्हच्या बाहेर एका गारमेंट फॅक्टरीत क्वालिटी बघते. इकडे यायच्या तयारीत असलेल्या दोघीतिघींनी विचारलं की इथली ख्मेर भाषा कशी शिकलीस, म्हणून वहीतल्या नोंदी जरा साफ करून इथे टाकतेय. चुका काढल्या नाहीयेत, उलट त्याच जास्त आहेत.

ख्मेर शब्द देवनागरीत लिहिलेत. सगळे स्वर बसत नाहीत, 'थ्वअ' असं दिसलं की शेवटचा 'अ' लांबवायचा एवढं धरून चाला.

८ जानेवारी

सुरुवात. रोज सकाळी ४० मिनिटं, शिवाय आठवड्यातून दोनदा बाईंकडे एकेक तास, तासाला ८ डॉलर. स्त्री शिक्षिकेला इथे 'नेआक क्रू' म्हणतात, पुरुष असेल तर 'लोक क्रू'. क्रू म्हणजे आपला गुरू. हे कळल्यावर मला वाटलं आपलं तर अर्धं काम झालेलंच आहे. (नव्हतं.)

२९ जानेवारी

तीन आठवडे फुकट गेले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ख्मेर पाठ करत होते, आणि प्रत्येक पुस्तकाचं स्पेलिंग वेगळं, एकच शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेने. वहीत १५०च्या वर शब्द झाले आणि त्यातला एक बोलले तर समोरच्याला कळेना. नेआक क्रूने वही बघितली, मिटली आणि बाजूला ठेवली. लिपी शिक, म्हणाल्या.

तुम्ही ही चूक करू नका, पहिल्या दिवसापासून लिपी. आपल्याला ती सोपी जाते कारण क्रम तोच आहे, क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, तश्शीच बाराखडी. जोडाक्षरात खाली लटकणाऱ्या अक्षराला 'चअंग' म्हणतात, म्हणजे पाय. आपण अक्षराचा पाय मोडतो, हे लोक अक्षराला पाय लावतात, मला हे एकदम आवडलं.

१७ फेब्रुवारी

लिपीत एक गोम आहे आणि ती कळायला मला दोन आठवडे लागले. ग, ज, द, ब यांचा घोषपणा (घशातला कंप) ख्मेरमधून कधीच गेलाय, 'ग' आता 'क'सारखाच बोलतात. मग दोन 'क' कशाला? तर फरक व्यंजनातून उठून स्वरात गेलाय. पहिल्या 'क'ला काना दिला की 'का', दुसऱ्या (म्हणजे जुन्या 'ग'च्या) 'क'ला तोच काना दिला की 'किआ'. व्यंजनांचे असे दोन गट आहेत आणि एकच मात्रा गटाप्रमाणे वेगळी वाचायची.

उदाहरण हेच घ्या, भाषा. लिहितात अगदी आपल्यासारखं, भ ला काना, स ला काना. वाचतात 'फिआसा'. पहिला काना 'इआ', दुसरा काना 'आ', कारण भ दुसऱ्या गटातला आणि स पहिल्या. (फ म्हणजे प आणि ह, ओठ दाताला लावायचे नाहीत.) हा एक शब्द दहा वेळा लिहून मोठ्याने वाचलात तर गटांचं प्रकरण डोक्यात बसतं, मी उगाच तक्ते पाठ करत बसले.

२५ फेब्रुवारी

आजची नोंद गंमत म्हणून वाचा, पण यात माझा महिना गेलाय.

संस्कृत-पालीतून आलेले शब्द गोळा करायचा मला नादच लागला. टेलिफोन म्हणजे 'तुरोसाप', दूरशब्द. टीव्ही म्हणजे दूरदर्शन, शेवटचा न खाऊन. ट्रॅफिकला चराचर! कामगार म्हणजे 'कम्माको', फॅक्टरी 'रोंगचाक' आणि त्यातला चाक म्हणजे चक्र. आगगाडी म्हणजे 'रोत-फ्लअंग', रथ आणि आग, आपल्या आज्यांनी ठेवावं असं नाव. व्याकरणाला सुद्धा 'वेय्यिआको' म्हणतात. दोनशे शब्द जमले आणि मी घरी फोनवर सांगतेय की ही तर आपलीच भाषा आहे.

मग इलेक्ट्रिक पॅनलवरची पाटी वाचली. अक्षरं लावत लावत वाचली, 'प्रयत्न'. उच्चार 'प्रयात'. म्हटलं वा, कामगारांना प्रोत्साहन, प्रयत्न करा. मेकॅनिक काकांना (त्यांना 'पू' म्हणतात, म्हणजे आईवडिलांपेक्षा लहान काका) विचारलं तर त्यांनी माझा हात धरून मागे ओढला. प्रयात म्हणजे सावधान.

दोनशे शब्द येऊन मला एक सरळ वाक्य करता येत नव्हतं ही खरी गोष्ट. हे शब्द पाट्यांवर, पेपरात, भाषणात. लाईनवर बायका बोलतात ते सगळं छोट्या छोट्या देशी शब्दांत, बान, अत, ते, तउ, मोक, आओय, त्रउ. व्याकरण सगळं तिथे आहे. हे मला कोणीतरी जानेवारीत सांगायला हवं होतं.

१० मार्च

नकार. बोलताना क्रियापदाच्या आधी 'अत' आणि वाक्याच्या शेवटी 'ते'. 'ख्ञोम अत डंग ते', मला माहीत नाही. पुस्तकी भाषेत 'अत'च्या जागी 'मिन'. सोपं. पण प्रश्नाच्या शेवटीही तोच 'ते'. 'सोक सबाय ते?' म्हणजे बरं आहे ना. 'अत' आहे की नाही हे ऐकू आलं नाही तर प्रश्न होता की नकार कळत नाही. त्यात माझी वही देवनागरीत, त्यामुळे मराठी वाक्याच्या मधे 'ते' आला की माझं मलाच उमगत नाही कुठला ते. शेवटी ख्मेर 'ते' लाल पेनने लिहायला लागले.

आणि एक लाज. होकाराला पुरुष 'बात' म्हणतात आणि बायका 'चा'. मला पहिले शब्द शिकवले ते ऑफिसमधल्या आपल्याच एका दादाने, त्यामुळे मी दोन महिने सगळ्यांना 'बात, बात' करत होते. कोणी टोकलं नाही, नुसत्या हसायच्या, मला वाटायचं प्रेमाने हसतायत.

'चा'वर फार विसंबू नका. तो पुष्कळदा आपल्या 'हं' सारखा असतो, ऐकतेय एवढाच अर्थ. कळलं का विचारल्यावर 'चा' आलं म्हणजे कळलंच असं नाही, खरं उत्तर क्रियापदाने येतं.

२९ मार्च

आजची नोंद मोठी आहे आणि याच्यासाठीच ही सगळी वही आहे असं समजा.

गेल्या आठवड्यात एका दुपारी काजाच्या मशीनपाशी लाईन लीडर ताई (बोंग स्रेय, बोंग म्हणजे आपल्यापेक्षा मोठं भावंड) मला म्हणाल्या, 'थ्वअ अत बान ते.' थ्वअ म्हणजे करणे. अत-ते म्हणजे नाही. बान म्हणजे, माझ्या पुस्तकाप्रमाणे, भूतकाळ. मी जोडलं, 'केलं नाही'. आमच्या दुभाष्याकडे तीन लाईनी, तो दुसरीकडे अडकलेला. मी म्हटलं 'थ्ङाय नीह थ्वअ', आज करा, आणि जरा आवाज चढवूनच म्हटलं, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर ६४० पोलो तसेच, एकाला काज नाही. काजाच्या मशीनचं पातं गेलं होतं आणि स्टोअरमध्ये दुसरं नव्हतं. ताई सांगत होत्या 'करता येत नाहीये'. मी ऐकलं 'केलं नाही'. एक अख्खा दिवस गेला, दोन संध्याकाळ ओव्हरटाईम लागला, मला वरून ऐकावं लागलं ते वेगळंच, आणि ताई चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, ते सगळ्यात जास्त लागलं.

तर हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

अत बान थ्वअ ते: केलं नाही.
थ्वअ अत बान ते: करता येत नाही.

शब्द तेच, बान क्रियापदाच्या आधी की नंतर एवढंच. आपल्याकडे क्रियापदाला शेपूट लागतं म्हणून आपला कान शेवटचं अक्षर ऐकायला बसलेला असतो. ख्मेरमध्ये क्रियापद कधीच बदलत नाही, ना काळाने ना लिंगाने ना वचनाने, आणि मी सुरुवातीला 'विभक्ती नाही, रूपं नाहीत, किती सोप्पं' म्हणून नाचत होते. रूपांचं सगळं ओझं जागेवर आलंय. शब्द कुठे बसलाय ते ऐकायचं.

३१ मार्च

नेआक क्रूला ही हकीकत सांगितली. त्यांनी अजून एक काढलं. मी प्रत्येक होकारी भूतकाळी वाक्यात 'बान' घालत होते, 'ख्ञोम बान ञाम बाय', मी जेवले. त्या म्हणाल्या, कोणी उपाशी ठेवलं होतं का? कारण बानचा मूळ अर्थ मिळणे, तर ते 'मला जेवायला मिळालं' असं लागतं. साधं 'जेवले' म्हणायला 'ञाम बाय हाअय', हाअय म्हणजे झालं. किंवा नुसतं 'म्सल मिञ' म्हणजे काल हा शब्द घाला आणि क्रियापद तसंच ठेवा, भूतकाळ आपोआप समजतात.

येण्याच्या तीन तऱ्हाही आजच कळल्या: शिकून येतं ते 'चेह' (पोहता येतं, शिवता येतं), जमतं किंवा चालतं ते क्रियापदानंतरचं 'बान', आणि जरा औपचारिक 'आच' क्रियापदाच्या आधी.

२१ एप्रिल

ख्मेर नवीन वर्षाची सुट्टी होती, सगळे गावी, शहर रिकामं. मी लाईनवरच्या एकीबरोबर तिच्या गावी गेले आणि तीन दिवसांत दोन महिन्यांच्या चुका केल्या.

प्रत्येक जण विचारतो, लग्न झालं का, 'मिआन क्रुओसा हाअय रू नउ?' शेवटचं 'हाअय रू नउ' म्हणजे झालं की अजून बाकी. मी 'अत ते' म्हटलं, नाही. एकदम शांतता. आजीने (यिएय) माझ्या डोक्यावरून हात फिरवला. 'अत तोआन ते' म्हणायचं होतं, अजून नाही. नुसतं 'अत' म्हणजे आता काही आशाच नाही असं झालं. आमच्या मावशीला हा फरक ऐकवला तर ती म्हणाली बरोबर आहे त्यांचं.

जेवण्याचे शब्द: साधं 'ञाम', खेड्यात 'होप', दुसऱ्याला आग्रह करताना 'पिसा', भिक्खूंसाठी 'छान', राजासाठी 'साओय', आणि जनावरासाठी 'सी' (मित्र आपसांत वापरतात, तुम्ही नको). मी आजीला अदबीने म्हणाले 'ख्ञोम पिसा हाअय'. म्हणजे साधारण 'मी जेवलात'. पिसा स्वतःला लावायचा नाही.

तू-तुम्हीचं म्हणाल तर पुस्तकातला 'नेआक' विसरा, परका वाटतो. नात्यानेच हाक मारायची, बोंग, ओन (धाकटं), मिंग (मावशी), पू, ता (आजोबा), यिएय. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, फक्त समोरच्याचं वय पटकन ओळखता आलं पाहिजे. आणि कोणत्याही माणसाला 'विआ' म्हणू नका, ते वस्तूला किंवा जनावराला. माणसाला 'कोआत'.

१२ मे

मोजणी. पाचाच्या पुढे पाच-एक, पाच-दोन, 'प्राम मुओय, प्राम पी', नऊपर्यंत (सातला बोलताना 'प्रांपिल'). पण साठ, सत्तर याच्याशी जुळत नाहीत, 'होकसप, चेतसप', ते थाई घराण्यातले, वेगळे पाठ करायचे. दहा हजाराला एक शब्द 'म्यून', लाखाला 'साएन'. लाखाला शब्द आहे म्हणून आपण खूष, पण म्यूनवर मी अजून अडखळते. बाजारात साधारण ४००० रिअलला एक डॉलर धरतात त्यामुळे भाजी घेतली तरी म्यून येतोच.

वस्तू, मग आकडा, मग मोजणीचा शब्द. पुस्तकं दोन 'क्बाल', क्बाल म्हणजे डोकं. मला वाटलं झालं, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये हेडकाउंट दिला, कामगार ४२ क्बाल. मागची पूर्ण रांग हसत सुटली. क्बाल जनावरांना आणि पुस्तकांना, माणसांना 'नेआक', भिक्खूंना 'ओंग'. अजून मला एकजण रोज सकाळी विचारतो, आज किती गुरं आली.

१६ जून

जोडक्रियापदं. इथून इंटरमीडिएट सुरू झालं असं मी मानते.

शोधणे आणि सापडणे याला एक क्रियापद नाही, 'रोक खअञ', शोध-दिस. नकार मधे येतो, 'रोक अत खअञ', शोधलं पण सापडलं नाही. 'केंग अत लुओक', झोपले पण डोळा लागला नाही. 'स्दाप अत बान', ऐकलं पण समजलं नाही. पहिलं क्रियापद प्रयत्न, दुसरं निकाल, आणि नकार निकालाला लावायचा. मी पहिल्याला लावत होते, 'अत रोक', म्हणजे शोधतच नाहीये. सुई हरवली होती (फॅक्टरीत तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडेपर्यंत काम थांबतं) आणि मी अर्धा तास गुडघ्यावर बसून शोधून सगळ्यांना सांगतेय की मी शोधत नाहीये.

'योक मोक', 'योक तउ' मात्र फुकटात आलं, घेऊन ये, घेऊन जा. हुबेहूब. तसंच विशेषण दोनदा म्हणणं, 'फ्तेआह थोम थोम', मोठमोठी घरं. लिहिताना दुसऱ्यांदा शब्द लिहीत नाहीत, एक खूण टाकतात, तिचं नाव 'लेक तो', दोनचा आकडा.

१४ जुलै

महिनाभर व्याकरण बंद. कारण लिहिलेलं वाचता येतंय आणि लाईनवरचं कळत नाहीये. फ्नोम पेन्हचे लोक 'र' खातात. प्राम (पाच) 'पेआम' होतं, त्रेय (मासा) 'तेय', वर एक हेलकावा. सुरुवातीचा र 'ह' होतो, रिअन (शिकणे) चं 'हिअन'. नेआक क्रू वर्गात सगळं स्पष्ट बोलतात म्हणून मला पत्ताच नव्हता. उपाय काही खास नाही. मोबाईलवर बायकांचे व्हॉइस मेसेज मागवले, परवानगी घेऊन, आणि एकेक दहा-दहा वेळा ऐकला. रोज २० मिनिटं, सहा आठवडे. यात पैसे गेले नाहीत, आतापर्यंतचं सगळ्यात उपयोगी काम हेच.

१८ ऑगस्ट

'आओय' आणि 'त्रउ'. पुस्तकात आओयचे पाच अर्थ आणि त्रउचे चार, मी ते पाठ करून दोन वेळा विसरले. मग मराठीत बघितलं.

आओय म्हणजे देणे. मला दे. त्याला जाऊ दे, 'आओय कोआत तउ'. करून दे. आपलं 'दे' जिथे जिथे जातं तिथे बहुतेक हा जातोच.

त्रउ म्हणजे लागणे. दगड लागला, जावं लागलं. दोन्हीला त्रउ! शिवाय 'बरोबर' हाही अर्थ, नेम लागला म्हणजे बरोबर असं मी धरलंय. आणि काही वाईट घडलं की सोसणाऱ्याच्या नंतर त्रउ, 'त्रउ छ्काए खाम', कुत्रा चावला. इंग्रजीतून शिकताना हे चार वेगळे नियम होते.

२९ सप्टेंबर

प्चुम बेनची सुट्टी लागतेय, अर्धी लाईन उद्याच गावी. बेन म्हणजे पिंड. महिना 'फोत्रोबोत' म्हणजे भाद्रपद, वद्य पक्षाचे पंधरा दिवस, पितरांना भाताचे गोळे. घरी आईने पितृपक्षाचं जेवण केलं त्याच पंधरवड्यात इथे विहारांत पहाटे भात वाहतात.

व्याकरणाचं: शब्दाच्या पोटात अक्षर घालून नवा शब्द. डाअ (चालणे) चं 'डंनाअ' (प्रवास), काअत (जन्मणे) चं 'कंनाअत' (जन्म), चुओय (मदत करणे) चं 'चुंनुओय' (मदत). स्लाप म्हणजे मरणे, 'संलाप' म्हणजे मारणे, आपण आ घालतो, ते म घालतात. स्आत स्वच्छ, 'सम्आत' स्वच्छ करणे, ही जोडी बाथरूमच्या पाटीवर रोज दिसते.

मला वाटलं आता शब्दांचा कारखानाच सापडला, म्हणून स्वतःच पंधरा शब्द बनवले. नेआक क्रूने एकेक वाचून 'अत मिआन ते, अत मिआन ते' केलं. असा शब्द नाही. ही सोय जुनी आहे, आज कोणी नवे शब्द असे पाडत नाही, आहेत तेवढे ओळखायचे. एक रविवार गेला.

२४ नोव्हेंबर

आतापर्यंतचा खर्च: शिकवणी ७२ तास, ५७६ डॉलर. वह्या-पेनं १० डॉलर. दोन पुस्तकं, त्यातलं एक निरुपयोगी, मिळून ३१.

सध्या 'डाएल' (आपलं जो-जी-जे) चालू आहे. आपण 'काल आलेली बाई' म्हणतो, सगळं वर्णन आधी. इथे बाई आधी, मग डाएल, मग काल आली. बोलण्यात जमतं. लिहिलेल्या नोटिशीत एका वाक्यात तीन-तीन डाएल येतात आणि शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नाही, त्यामुळे आधी पेन्सिलने शब्द तोडायचे, मग प्रत्येक डाएलभोवती चौकट करायची, मग पहिलं क्रियापद शोधायचं. ओव्हरटाईमची एक पानी नोटीस शुक्रवारी वाचली, ५० मिनिटं लागली, दोन ठिकाणी चुकले. एप्रिलमध्ये असंच पान मी दुभाष्याला दिलं होतं.

एक गोष्ट अजिबात येत नाही. दुकानांच्या पाट्यांवर आणि विहारांवर जी गोल, अलंकारिक अक्षरं असतात, 'मूल' म्हणतात त्यांना, ती मला अजून नक्षीच दिसते. फॅक्टरीच्या गेटवरचं नाव सुद्धा त्याच अक्षरांत आहे आणि अकरा महिने मी त्याच्या खालून जातेय. काल मूल अक्षरं गिरवायची वही आणली, ६००० रिअल. पहिलं पान क.